शिवायचं काय, कापायचं काय

रविवारी दुपारी ओट्यावर बसून मी माझा डोंगरावरचा पन्नास मीटरचा दोर कापला. कपडे बेतायची माझी मोठी कात्री त्याच्यापुढे चालेना, म्हणून गॅसवर सुरी तापवून एकेक तुकडा केला. जळक्या नायलॉनच्या वासाने आई बाहेर आली आणि बघतच राहिली. "कसाले कापी ऱ्हायनी व माय? नवाच ते शे!"

दिसायला तो नवाच होता. तीन वर्षं वापरलेला, पण रंग उतरलेला नाही, कुठे धागा सुटलेला नाही. दोन दिवाळ्यांच्या ब्लाउजांची शिलाई बाजूला टाकून घेतलेला. पण पावसाळ्यात घराला रंग काढला तेव्हा सगळं सामान इकडचं तिकडे झालं आणि दोर जाऊन बसला इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारच्या फळीवर. दीड महिना तो तिथेच होता. मधल्या काळात भावाने बॅटरीत पाणी भरलं, टर्मिनलवरची पांढरी बुरशी खरवडली. बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं. ते नायलॉनला आतून खातं, आणि खाल्ल्याची खूण बाहेर दिसेलच असं नाही. थेंब उडाला असेल किंवा नसेलही. पण धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर ह्याच दोराने मी माझ्या शिवणवर्गातल्या मुलींना उतरवते. त्यातल्या एकीच्याही वजनावर मला ते तपासून बघायचं नव्हतं.

मी धुळ्यात शिलाईकाम करते, वीस वर्षं झाली. डोंगर त्यानंतर आला, आमच्या गिर्यारोहणाच्या गटामुळे. पण सामान कसं बघायचं हे मला डोंगराआधी मशीनने शिकवलं. कापड हातात घेतलं की बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. दोरही मी तसाच बघते. बाजेवर बसायचं, एक टोक धरायचं आणि सगळा दोर वीतवीत बोटांतून सोडायचा. जिथे हाताला मऊ, पोकळ लागतं, जिथे तो चपटा वाटतो किंवा एकदम कडक होतो, तिथे थांबायचं. त्या जागी दुमड घालून बघायची. चांगला दोर गोल वळतो. आतला गाभा तुटला असेल तर तो तिथे कागदासारखा मोडतो. पन्नास मीटरला मला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ मी दुकानात गिऱ्हाईक घेत नाही. आम्ल मात्र बोटांना सापडत नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालायचा नाही.

दोर घेताना बहुतेक जण जाडी आणि किंमत विचारतात. आधी विचारायचं ते हे की हा डायनॅमिक आहे की स्टॅटिक. फरक इलॅस्टिक आणि नाडीसारखा आहे. चढणारा वरून पडला तर डायनॅमिक दोर ताणला जातो आणि झटका स्वतःत जिरवतो. चाचणीतल्या पहिल्या पडण्यात तो जास्तीत जास्त ४० टक्के ताणला जावा असं युरोपचं ईएन ८९२ हे मानक सांगतं. स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही, म्हणून रॅपलिंगला, म्हणजे दोराने उतरायला, आणि सामान ओढायला तो चांगला, शरीर झोके खात नाही. पण स्टॅटिक बांधून लीड, म्हणजे सगळ्यांच्या पुढे दोर घेऊन, चढायला जाऊ नका. पडलात तर दोर कदाचित टिकेल, पण तो सगळा झटका तुमच्या कमरेला आणि वरच्या अँकरला, म्हणजे कातळातल्या आधाराला, बसेल. माझा कापलेला दोर स्टॅटिक होता. डायनॅमिक गटाचा आहे, तो मी घरी आणतच नाही.

दोर धुवायला कपड्यांची पावडर नको. टबात साधं पाणी, हाताने खळबळायचा, फारच मळला असेल तर सौम्य साबण. वाळवायचा सावलीत, बाजेवर मोकळा पसरून. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, जिथे पारा ४४-४५ला जातो, तिथे नायलॉन तारेवर टाकणं म्हणजे स्वतःच्या हाताने त्याचं आयुष्य कमी करणं. लळिंगहून आलं की दोरात बारीक माती गेलेलीच असते. ती आवरणातून आत शिरते आणि प्रत्येक उतरणीला आतले धागे घासते. म्हणून मी जुन्या चादरीची एक मोठी पथारी शिवली आहे, कातळाच्या पॅचखाली ती अंथरते आणि दोर तिच्यावरच राहतो. त्यावर कोणी बूट घालून पाय दिला की मी ओरडते.

आता हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज. शिवणाऱ्या बाईला हार्नेस हातात घेतल्यावर पहिली दिसते ती शिवण. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्याला जो दाट, आडवा टाका असतो, त्याला आम्ही बारटॅक म्हणतो. हार्नेसचा सगळा जीव त्या बारटॅकमध्ये असतो. चांगल्या हार्नेसमध्ये तो धागा पट्टीच्या रंगाहून मुद्दाम वेगळा घेतलेला असतो, काळ्या पट्टीवर पिवळा किंवा लाल, म्हणजे एक टाका तुटला तरी लगेच दिसावा. समोरच्या बिले लूपला, म्हणजे पोटाजवळच्या पट्टीच्या कड्याला, प्रत्येक वेळी वर-खाली करून बघायचं, कारण दोर आणि कॅरॅबिनर (गेट उघडून अडकवायचं धातूचं कडं) एकाच जागी घासून तो तिथेच झिजतो. नवा असताना तो १५ किलोन्यूटन सोसतो, म्हणजे ढोबळ हिशेबाने दीड हजार किलो. झिजल्यावर किती सोसेल हे कोणीच सांगू शकत नाही.

२००६च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत टॉड स्किनर हा नावाजलेला गिर्यारोहक लीनिंग टॉवरवरून दोराने उतरताना पडून मरण पावला. त्याचा बिले लूप तुटला होता. तो झिजलाय हे त्याला माहीत होतं, आणि नवा हार्नेस मागवलेलाही होता. हे वाचलं त्या दिवसापासून "नवा येईपर्यंत चालवू" हे वाक्य मी सामानाच्या बाबतीत बोलत नाही.

मला लोक हटकून विचारतात, "ताई, तुमच्याकडे मशीन आहे, हार्नेसचा उसवलेला टाका तुम्हीच घाला ना." नाही घालत. नायलॉनच्या पट्टीत सुई घातली की प्रत्येक भोकाला तिचे धागे तुटतात. कारखान्यात सुई, दोरा, टाक्यांची संख्या सगळं ठरलेलं असतं आणि ते तोडून बघून पास केलेलं असतं. माझ्या पायमशीनवर मी घातलेला टाका सुंदर दिसेल, आणि त्या सुंदर दिसण्यावर कोणीतरी विश्वास ठेवेल. ते पाप मला नको.

सॅक मात्र आणा. तिच्यावर कोणाचा जीव टांगलेला नसतो, आणि सॅकची दुरुस्ती हे माझ्या आवडीचं काम आहे. दिवाळीत धडगावकडून सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या यात्रेला गेले होते, तेव्हा वाटेत एका मुलाच्या सॅकचा खांद्याचा पट्टा मुळातून निघाला. आजूबाजूने आदिवासी बायामाणसं चपला घालून, डोक्यावर गाठोडं घेऊन रात्रीची चढत होती, आणि हा पोरगा सॅक कडेवर घेऊन बसलेला. माझ्याकडे नेहमी सुई आणि मेणाचा दोरा असतो. टॉर्चच्या उजेडात पट्टा आत सरकवला, दोरा दुहेरी घेतला, चौकोन घालून मध्ये फुली मारली. ती सॅक तो अजून वापरतो. घरी शिवणार असाल तर १८ नंबरची सुई आणि पॉलिस्टरचा जाड दोरा घ्या. सुती दोरा भिजून कुजतो. चेनच्या दातात काळी माती अडकली असेल तर आधी जुन्या दातांच्या ब्रशने काढा, निम्म्या चेन तेवढ्यानेच चालू लागतात. आणि कुसळं. आमच्या डोंगरांत दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं वेल्क्रोत, मोज्यांत, पट्ट्यांच्या घड्यांत घुसतात. चिमट्याने एकेक काढायची, दुसरा उपाय नाही.

बुटांनी मला भामेरला धडा दिला. साक्रीजवळचा हा किल्ला, डोंगरात कोरलेल्या लेण्यांच्या ओळी आहेत. बूट चांगले म्हणून जपून ठेवलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात, चार वर्षांत मोजून दोनदा घातले असतील. उतरताना उजवा सोल टाचेकडून लोंबायला लागला, थोड्या वेळात डावाही. वाकून बघितलं तर मधला पिवळट थर बोटाने चुरा होत होता, शिळ्या पावासारखा. तो पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विरतो, बूट घातला नाही तरी विरतो, आणि बंद पिशवीत तर ओलावा कोंडूनच राहतो. ओढणी फाडून दोन्ही बूट वरून बांधले आणि गावापर्यंत आले. आता बूट उघड्यावर, सावलीत ठेवते, महिन्यातून एकदा तरी बाजारापर्यंत घालून जाते, आणि ट्रेकच्या आदल्या आठवड्यात सोल दोन्ही हातांनी मुडपून बघते. नुसता सोल निघाला असेल तर मोची तो चिकटवून कडेने शिवून देतो. मधला थरच गेला असेल तर शिवण धरणार कशाला?

हेल्मेट गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि त्यावर रंग किंवा स्टिकर नको, प्लॅस्टिकला गोंद आणि थिनर सोसत नाही. दगडाचा जोरदार मार बसला की ते बाद, चीर दिसो न दिसो. कॅरॅबिनरचं गेट आपोआप मिटलं पाहिजे. मिटत नसेल तर कोमट पाण्यात ब्रशने धुवायचं. शिलाई मशीनचं तेल घालायचा मोह मलाही होतो, पण त्यावर धूळ बसते आणि ते दोराला लागतं. दोर घासून खोबण पडली आणि तिची कड बोटाला धारदार लागली तर कॅरॅबिनर काढून टाकायचं. डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या बारीक स्लिंग, म्हणजे पट्टीचे फास, हलक्या म्हणून सगळ्यांना आवडतात, पण डायनीमा साधारण १४५ अंशाला वितळतो, नायलॉनच्या बराच आधी, आणि त्यात मारलेली गाठ सरकते. जिथे घासलं जाणार तिथे मी नायलॉनचीच टेप, म्हणजे चपटी पट्टी, वापरते.

दोर, हार्नेस, स्लिंग जुन्या बाजारातून घेऊ नका, ओळखीच्या माणसाकडूनही नाही. माझा दोर मी विकला असता तर घेणाऱ्याला तो स्वच्छ, धुतलेला, सरळ दोर दिसला असता. बॅटरी दिसली नसती. नवा घेतानाही लेबलवर तयार झाल्याचं साल बघा, विकत घेतल्याचं नाही. न वापरलेला दोरसुद्धा बहुतेक कंपन्या दहा वर्षांपलीकडे वापरू देत नाहीत.

कापलेले तुकडे मी तीन-तीन मीटरचे केले, म्हणजे कोणाला ते पुन्हा डोंगरावर न्यायची बुद्धी होऊ नये. आईने त्यातला एक वासराला बांधला, एक कपडे वाळत घालायला ओढला, बाकीचे मामाच्या शेतावर गेले.

नवा दोर मंगळवारी आला. त्याच्यासाठी मांजरपाटाची पिशवी शिवली आणि पिशवीच्या तोंडाशी पांढऱ्या पट्टीवर तयार झाल्याचं साल आणि पहिल्या वापराची तारीख टाकायला जागा ठेवली. दोरावर मार्करने काही लिहीत नाही. आईने गोधड्यांच्या पेटीत एक कोपरा मोकळा करून दिला. मी त्यातल्या डांबराच्या गोळ्या काढल्या, पेटी दिवसभर उघडी ठेवली, आणि संध्याकाळी दोर आत ठेवला.