ठरावाची सूचक

गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात मी ग्रामसेविका होते, तेव्हाची ही गोष्ट. १ मेची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली होती. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. सह्या झाल्या ३४. तहकूब सभेला मात्र कोरमची अट नसते. म्हणजे गावाचं काय करायचं ते तीसएक माणसं ठरवणार. हे मला कायम खुपायचं.

त्या तहकूब सभेला वाडीतली पंधरा-वीस पोरं आली. मेची सुट्टी, मुंबईची पोरंही गावातच. पुढे बारावीतली एक मुलगी, खांद्यावर सुंभाचा दोर. दोराला हात-हात अंतरावर जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. फेब्रुवारीपासून दर रविवारी तिने आणि तिच्या आजीने तो वाडीच्या तिन्ही विहिरींत सोडला होता. पाणीटंचाईचा विषय आला तशी ती उभी राहिली, वहीतले आकडे वाचू लागली. गेल्या वर्षी ज्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, मातीच्या गोण्यांचा वनराई बंधारा झाला, त्याच्या काठच्या विहिरीत एप्रिलअखेर तीन हात पाणी. बाकी दोन खडखडीत. "टँकर मागताय तो मागा. पण यंदा उरलेल्या दोन पऱ्यांवरपण बंधारे घाला."

"पोरी, तुझं नाव यादीत नाय," एक वडीलधारे म्हणाले. खरंच होतं, तिला सतरावं चालू होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरपंचांनी तिला बोलू दिलं, पण ठरावाला सूचक मतदारच लागतो, हे मला सांगावं लागलं.

मागून आजी उठली. "माझं हाय ना यादीत? घाला माझं. बोलंल ती."

अनुमोदक कोण? होडीवर खलाशी म्हणून जाणारा एकोणीस वर्षांचा पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, मला चालंल?" अठरा पूर्ण झाले की मत देता येतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. ठरावही मांडता येतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं. प्रोसिडिंगात त्याचं नाव लिहिताना मला ते फार लागलं.

"पावसाळा सरल्यावर गोणी भरायला कोण येणार? तुमी तवा मुंबईला," कुणीतरी विचारलं. पोरं गप्प झाली. मग ती मुलगीच म्हणाली, "दिवाळीत येतील."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अकरा जण पऱ्यात उतरले. बाकीच्यांना रजा मिळाली नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून एक बंधारा उभा राहिला. दुसरा अजून व्हायचा राहिलाय.