माण ते भिलार: मुलांच्या लेखकाने सातारा जिल्ह्यातला शाळा-दौरा कसा आखावा

सातारा जिल्ह्यात मुलांच्या लेखकाला बोलावणाऱ्या शाळांना तोटा नाही. १९१९ साली सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय साताऱ्यातच आहे, सावित्रीबाईंचं नायगाव खंडाळा तालुक्यात, आणि पुस्तकांचं गाव भिलार पाचगणीच्या अलीकडे-पलीकडेच. निमंत्रणं मिळतात, घोळ होतो तो वेळापत्रकात. इथे सांगितलेला दौरा सातारा शहरातून सुरू झाला, पूर्वेला कोरेगाव-पुसेगाव आणि माण तालुक्यातलं दहिवडी करून परत फिरला, मग जावळी तालुक्यातलं मेढा, आणि शेवटी वाईवरून भिलार.

आधी महिना ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांत पाऊस इतका असतो की पत्र्याच्या शेडखाली तुमचा आवाज दुसऱ्या रांगेलाही जात नाही. ऑक्टोबरात सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. डिसेंबरच्या उत्तरार्धात स्नेहसंमेलनांच्या तालमी चालू असतात, अर्धा वर्ग नाचाच्या सरावाला गेलेला असतो. फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षेची घाई, आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला सगळ्यांनाच लेखक हवा असतो. दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि पुढे जानेवारीचा दुसरा पंधरवडा, हा काळ सगळ्यात चांगला. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाची निमंत्रणं जून-जुलैतच येऊ लागतात. त्यातलं एकच घ्यावं आणि बाकीच्यांना नोव्हेंबर सुचवावा. मुख्याध्यापक सहसा मान्य करतात.

दिवसाला दोनच शाळा. जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी परिपाठ आणि हजेरी होईपर्यंत अकरा वाजतात. एक-दीडला पोषण आहार. ताटल्यांचा खणखणाट सुरू झाला की गोष्ट कितीही रंगलेली असो, मुलांचं लक्ष खिचडीकडे जातं, आणि ते योग्यच आहे. म्हणजे हातात वेळ उरते सव्वाअकरा ते साडेबारा आणि अडीच ते पावणेचार. तिसरी शाळा कोंबली की पहिल्या दोन्हींत घड्याळ बघत बोलावं लागतं. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी एकच शाळा धरा. पण तीच अनेकदा सगळ्यात मोकळी आणि छान होते, कारण पुढच्या तासाची घाई नसते.

शाळेला फोन केल्यावर विचारायच्या गोष्टी: कोणती इयत्ता, किती मुलं, कुठे बसवणार, आणि गावची यात्रा कधी आहे. शेवटचा प्रश्न विसरू नका. यात्रेच्या दिवशी शाळा उघडी असली तरी वर्ग रिकामे असतात. पुसेगावला मार्गशीर्षातल्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत रस्ताच भरून जातो, त्या दिवसांत दहिवडीकडची शाळा घेऊ नका. शाळेचं लेखी निमंत्रण मागा, त्यात प्रवासखर्च आणि मानधन स्पष्ट लिहून घ्या. मानधनाचा विषय काढायला संकोच वाटतो, पण तो कार्यक्रमानंतर काढणं दोन्ही बाजूंना जड जातं. छोट्या शाळेला मानधन जमणार नसेल तर जवळच्या तीन-चार शाळा केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या शाळांच्या गटाचे अधिकारी) एकत्र येऊन खर्च वाटून घेऊ शकतात.

शहरातल्या मोठ्या शाळांचा आग्रह असतो की सगळी शाळा सभागृहात बसवू. तीनशे मुलांसमोर चित्रांचं पुस्तक वाचता येत नाही, सहाव्या रांगेच्या मागे चित्र दिसतच नाही. साठ मुलं ही मर्यादा धरा आणि हट्टाने पाळा. शाळा अगदीच ऐकत नसेल तर पुस्तक पिशवीतच ठेवून तोंडी गोष्ट सांगा. वेळेचं गणित असं: पहिली-दुसरीला पंचवीस मिनिटं, तिसरी ते पाचवीला चाळीस, सहावी ते आठवीला पन्नास. त्यातला निम्मा वेळ मुलांच्या प्रश्नांना.

पुस्तक कसं धरावं, हे सहसा कोणी सांगत नाही. मुलं सतरंजीवर बसलेली असतात, म्हणून तुम्ही उभे राहू नका, बुटक्या स्टुलावर किंवा खुर्चीवर बसा. पुस्तक छातीशी, मुलांकडे उघडं, डाव्या हाताचा तळवा कण्याखाली. पान उजव्या हाताने वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, म्हणजे मनगट चित्रावर येत नाही. मजकूर पाठ हवा, डोळे मुलांवर राहतात. प्रत्येक चित्र डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा आणि शेवटच्या रांगेपाशी क्षणभर थांबा. खिडकी तुमच्या पाठीमागे असेल तर चित्र काळं दिसतं, म्हणून बसायच्या आधी जागा बदलून घ्या. मैदानावर कार्यक्रम असेल तर मुलांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशी त्यांची पाठ सूर्याकडे ठेवा. माणात दुपारी वारा सुटतो, माइकमध्ये नुसती घरघर होते आणि सुटे कागद उडतात. तिथे वर्गखोलीच बरी.

प्रश्न आदल्या दिवशीच चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायला सांगा. नाहीतर पुढे बसलेली चार धीट मुलंच बोलतात आणि मागच्या मुली गप्प राहतात. चिठ्ठ्या नावाविना असू द्या. माण-खटावमध्ये काही घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परराज्यात राहून आलेली असतात, काही ऊसतोडीला जातात. अशा मुलांना गाव बदलण्याविषयी विचारायचं खूप असतं, त्यासाठी जागा ठेवा.

जावळीच्या डोंगरातल्या शाळांची गोष्ट वेगळी. दोन शिक्षक, पहिली ते चौथी एकाच खोलीत, मुलं कधी वीसच्या आत. इथे भाषण नको. एक पुस्तक वाचा, मग चौथीतल्या मुलांना तेच पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायला सांगा. मेढा साताऱ्याहून साधारण पंचवीस किलोमीटर, पण वाड्यांवर जायला एसटी दिवसातून एक-दोनदाच असते. परतीची गाडी वाहकाला विचारून ठेवा.

सत्कार हा वेळ खाणारा भाग. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, मनोगत यांत सहज पंचवीस मिनिटं जातात आणि तोवर मुलं चुळबुळायला लागतात. मुख्याध्यापकांना आधीच विनंती करा: एक गुलाब, दोन वाक्यांचा परिचय, शालीचे पैसे ग्रंथालयाच्या पुस्तकाला. सह्यांचंही तसंच. साठ वह्यांवर अर्धा-अर्धा मिनिट म्हटलं तरी अर्धा तास. शाळेच्या ग्रंथालयाच्या प्रतीवर एकच सही करा आणि खाली सगळ्या वर्गाचं नाव घाला.

वर्गात पुस्तकविक्री करू नये. पैसे आणलेली आणि न आणलेली मुलं सगळ्यांसमोर वेगळी पडतात. विक्री शाळा सुटल्यावर, पालकांसाठी ठेवा. शाळेला हवं असेल तर बिल शाळेच्या नावाने द्या, तपासणीत ते लागतं. खोका दहा किलोच्या आतच भरा, म्हणजे तो एसटीच्या टपावर न टाकता सीटखाली ठेवता येतो. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर शाळेमार्फत पालकांची परवानगी घ्या, नाहीतर पाठमोरे फोटो काढा.

वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, तिथे थांबायला हरकत नाही, पण पसरणी घाट चढायला वेळ हाताशी ठेवा. भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं ठेवली आहेत, बालसाहित्याचीही, आणि तिथे बसून वाचायला पैसे पडत नाहीत. कार्यक्रम करायचा तर मे आणि दिवाळीची सुट्टी टाळा, पाचगणीचा रस्ता तेव्हा गाड्यांनी तुंबतो. ज्या घरात बसायचं त्या घरमालकांना आधी विचारा. ते स्ट्रॉबेरीच्या हंगामात शेतात असतात.

पुढच्या काही दिवसांत मुलांची पत्रं येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर शक्य नसतं, म्हणून वर्गाला एकच पत्र पंधरा दिवसांच्या आत, हाताने लिहून पाठवा. त्यात निदान पाच मुलांच्या प्रश्नांची नावानिशी उत्तरं हवीत. पत्त्यात शाळेचं नाव, वाडी, मुख्य गाव, तालुका आणि पिन कोड पाचही लिहा, एकाच नावाच्या वाड्या जिल्ह्यात बऱ्याच आहेत.