पाणी आलं की नेट जातं

सोलापूरच्या नवी पेठेतून नऊ डीबीआयच्या (अँटेना एका दिशेला रेंज किती एकवटते, त्याचं डेसिबलमधलं माप) दोन अँटेना आणल्या, तेव्हा मला वाटलं होतं, लांब काडी म्हणजे जास्त ताकद. राउटरच्या बोटभर अँटेना काढून या हातभर लांब अँटेना फिरवून बसवल्या. झालं असं की समोरच्या काकांच्या ओट्यावर फुल रेंज, आणि वर माडीवर, जिथं मी कामाला बसतो, तिथं एकच दांडी.

दुकानदार खोटं बोलला नव्हता, मीच अर्धवट ऐकलं होतं. अँटेना स्वतःची ताकद घालत नाही. राउटर देईल तेवढ्याच पिठात तिला भागवायचं असतं. उभ्या अँटेनाची रेंज तिच्या चारी बाजूंना पसरते, टोकाच्या दिशेनं मात्र जवळजवळ काही जात नाही. हे मी आधी वाचलं होतं, पण कळलं ते आईला भाकरी थापताना बघून. ज्वारीचा गोळा तोच; थापत जावं तसा रुंद होतो आणि पातळही होतो. तीन डीबीआय म्हणजे रोजची जाडसर भाकरी. नऊ म्हणजे आमची कडक भाकरी, ताटाबाहेर जाणारी, पण पापडासारखी पातळ. तीन डेसिबल वाढले की त्या दिशेला दुप्पट, सहा वाढले की चौपट. पण हे चौपट सगळं आडवं. डोक्यावरच्या माडीला काय मिळणार?

मग एक अँटेना आडवी केली. धाकटा भाऊ म्हणाला, "काय करायलास बे? मोडलास काय?" आडव्या काडीची भाकरी उभी राहते, ती वरपर्यंत पोचते. राउटरही लोखंडी कपाटाच्या आडून काढून जिन्याजवळ उंचावर टांगला. स्लॅबमधल्या सळया त्यांचा वाटा खातातच, त्याला इलाज नाही.

माडीचं भागलं, तर काका आले. "ओट्यावर एवढं येतंय, कारखान्यात पण दे की." कारखाना म्हणजे गल्लीच्या टोकाला टॉवेलच्या चार मागांचं पत्र्याचं शेड. पत्र्यातून रेंज आत जाणं अवघडच. म्हणून आमच्या गच्चीवर एक आणि शेडवर एक अशा दोन पॅनेल अँटेना समोरासमोर तोंड करून बसवल्या, तिथून वायर आत. हे काम भाकरीचं नाही, टॉर्चचं. झोत नेमका पडला पाहिजे.

पडलाही. फक्त चार-पाच दिवसांनी एकदा गायब व्हायचा. मी वायरी बदलल्या, रीस्टार्ट केलं, उन्हाला दोष दिला (सोलापुरात तो कुणालाही देता येतो). शेवटी आईच म्हणाली, "आज पाणी आलंय ना, आज तुझं नेट जाणारच."

मधल्या घराच्या गच्चीवर नवी काळी टाकी बसली होती, बरोबर दोन्ही पॅनेलच्या रेषेत. नुसतं प्लॅस्टिक या लहरींना फारसं अडवत नाही, पण पाणी त्यांना पिऊन टाकतं. पाणी आलं की टाकी काठोकाठ भरायची आणि काकांचं नेट बंद. घरातल्यांनी वापरून पातळी रेषेच्या खाली गेली की पुन्हा सुरू. शेजाऱ्यांना "जरा जास्त आंघोळी करा" असं कसं सांगणार?

गच्चीवर दूरदर्शनच्या काळातला लोखंडी पाइप अजून उभा होता. वर माशाच्या काट्यासारखा सांगाडा, यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी 1926च्या सुमारास मांडलेला, आमच्याकडे कावळ्यांच्या बसण्याचा. तो उतरवला, पॅनेल पाइपाच्या टोकाला बांधलं, आणि टाकीवरून थेट शेड दिसू लागलं. आता नेमकी दिशा लावायची. मी फोनवर विचारतोय, "आलं का?" मागांच्या खडखडाटात काकांना ऐकू येईना. शेवटी त्यांनी चारही माग बंद केले, शेडबाहेर येऊन हात वर केला आणि ओरडले, "आलं बे! आता हलवू नको!"