बोरच्या रकान्यात अडकलेले अडीच महिने

मी लष्करचा. म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, फौजेतला नव्हे. सराफ्यातल्या एका शेटकडे गार्डांचा सुपरवायझर आहे आणि रोज संध्याकाळची रोकड माझ्या गाडीतून जाते. गार्डांकडे बारा बोरच्या दुनाळी बंदुका आहेत; बोर म्हणजे नळीच्या आतलं माप. दुकानाच्या दारात त्या शोभतात, पण गाडीच्या मागच्या सीटवर बसून दुनाळी वळवून बघा एकदा. नळी काचेला आपटते. म्हणून रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरलं.

कागद जमवायला काही त्रास झाला नाही. डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं तीन आठवड्यांत हातात. पोलीस थान्याचा हवालदार घरी येऊन चहा पिऊन गेला. २०१९ साली इकडे लायसन्स मागणाऱ्याला दहा झाडं लावायला सांगत, रोपासोबत सेल्फीही द्यावी लागे. मेहुण्याने तेव्हा लावलेल्यातली दोन कडुलिंबं अजून उभी आहेत.

मग फॉर्ममध्ये ‘कोणतं शस्त्र हवं’ या रकान्यात मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: रिव्हॉल्व्हर, .३८. बाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर होते, त्यांच्या कमरेला मी लहानपणापासून .३८ पाहिलेलं. दुसरं काही लिहायचं असतं हे डोक्यातच नव्हतं.

फाइल दिली आणि तिथून अडीच महिने गेले. दर मंगळवारी कलेक्टर कचेरीतल्या लायसन्सच्या खिडकीवर जायचो. आतले बाबूजी फाइलींच्या लाल बस्त्याची गाठ सोडायचे, माझी फाइल अर्धी वर काढायचे, परत सरकवायचे आणि म्हणायचे, ‘‘त्रुटि है, बाद में आना.’’ कसली त्रुटी? ‘‘साहब बताएँगे.’’ साहेब दौऱ्यावर. पुढच्या मंगळवारी साहेब मीटिंगमध्ये. त्याच्या पुढच्या मंगळवारी बाबूजीच रजेवर, आणि बस्त्याची गाठ दुसऱ्या कुणी सोडायची नाही असा तिथला रिवाज असावा. मी डॉक्टरचा दाखला पुन्हा काढला, घरपट्टीची पावती जोडली, फोटो बदलला. एकदा तर फोटोत मिशी होती आणि आता नाही म्हणून अडलं असेल, असं वाटून आठवडाभर मिशी वाढवली. बायको अजून हसते.

शेवटी दहाव्या की अकराव्या मंगळवारी तिथल्या एका पोरसवदा क्लार्कने, बाबूजी जेवायला गेलेले बघून, पान उघडून दाखवलं. माझ्या ‘.३८’भोवती लाल शाईचं वाटोळं. बाकी शेरा नाही, सही नाही, काही नाही. ‘‘अंकल, ये तो पीबी है.’’

पीबी म्हणजे प्रतिबंधित बोर. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ची रिमवाली, म्हणजे बुडाला कडा असलेली, काडतुसं बसतात ती, आणि सरकारी ९ एमएमची काडतुसं चालतील अशी शस्त्रं, साध्या नागरिकाला जिल्ह्यातून मिळत नाहीत. त्यासाठी दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालय. हे एक वाक्य पहिल्या मंगळवारी कुणी बोललं असतं तर! मी तिथेच अर्ज लिहून बोर बदलून दिला. दुरुस्तीला लागली सात मिनिटं.

तेव्हा तुम्ही फॉर्म भरणार असाल तर आधी बंदुकीच्या दुकानात जा. मी नंतर गेलो. दुकानातल्या म्हाताऱ्यांनी गल्ल्यावर बोटानेच हिशेब मांडला. .३५७ मॅग्नम चालतं, पण ते विलायती. १९८०च्या दशकात आयात बंद झाल्यापासून जुनंच हात बदलत फिरतं आणि भाव ऐकून मी पाणी मागितलं. .२२ हलकं, पण सुरक्षेच्या कामाला मी ते घेणार नाही. उरलं बत्तीस, म्हणजे .३२. त्यातही पिस्तुलाचं बत्तीस वेगळं आणि रिव्हॉल्व्हरचं वेगळं, काडतूस एकाचं दुसऱ्यात चालत नाही, हे मात्र नीट लक्षात ठेवा.

बत्तीसची गोळी साधारण सहा-साडेसहा ग्रॅमची. बाबांच्या .३८ची गोळी याच्या जवळपास दुप्पट जड. बाबा म्हणाले, ‘‘अरे, याने काय होणार?’’ मलाही वाटलंच. पण धक्का कमी, दुसरी गोळी निशाण्याजवळच जाते, आणि काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची, सहज मिळतात. रिव्हॉल्व्हर यासाठी की काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, काडतुसांची चक्री फिरून पुढचं घर समोर येतं. पिस्तूल अशा वेळी दोन्ही हात मागतं. माझ्या एका हातात पिशवी असते.

कानपूरचं ‘निर्भीक’ हे बत्तीसचं रिव्हॉल्व्हर वजनाला अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. मी तिथलंच ‘प्रबल’ घेतलं, २०२३चं. चक्री बाजूला उघडते, जुन्यासारखी नळी मोडावी लागत नाही. जाहिरातीत ५० मीटरचा पल्ला लिहिलाय. रोकड उतरवताना सहा-सात मीटरच्या पलीकडचं मला काय करायचंय?

एक राहिलं. शेटना वाटत होतं, रिव्हॉल्व्हर रात्री दुकानाच्या तिजोरीत ठेवावं. लायसन्स माझ्या नावाचं, त्यांच्या ताब्यात सापडलं तर दोघंही आत. त्यांच्या भाच्याच्या वरातीत ‘एक हवेत होऊ द्या’ म्हणाले तेव्हाही मी ते घरीच ठेवून गेलो. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर असं हवेत गोळी झाडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण आमच्या भागात हे सांगणारा माणूसच मागास ठरतो.

आणि हो, घेऊन दीड महिनाही झाला नव्हता तोच २०२४च्या लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ते थान्यात जमा. नोकरीसाठी सूट मागता येते, पण अर्ज वेळेत द्यावा लागतो. मी पुन्हा उशीर केला. पहिल्या पावसानंतर परत मिळालं तेव्हा चक्रीवर तांबूस ठिपके. चूक माझीच, चामड्याच्या कव्हरसकट दिलं होतं. तुम्ही देताना कव्हर काढा, नळीत आणि चक्रीत तेल सोडा, सुती फडक्यात गुंडाळा आणि पावतीवर नंबर आकड्यागणिक तपासून घ्या. माझ्या पावतीवर बोर .३८ लिहिला होता.