तीनदा परत आलेलं समन्स

"सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही." साक्षीदाराला पाठवलेलं समन्स पोलिसांनी हा शेरा मारून परत केलं, ते आठवलं की अजूनही डोकं सणकतं. हा सदर इसम म्हणजे कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर सकाळी आठपासून इस्त्री करणारे काका. रोज तिथेच.

धाकट्या भावावर पार्किंगच्या भांडणातून तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३२४ ची, म्हणजे धोकादायक हत्याराने दुखापत केल्याची केस झाली. जामीन, चार्जशीट, फिर्यादीचे साक्षीदार हे सगळं पार पडलं. काकांनी भांडण डोळ्यांनी पाहिलं होतं, पण पोलिसांनी त्यांचा जबाबच घेतला नव्हता. म्हणून बचावातर्फे त्यांना बोलवायचं ठरलं.

आमच्या वकीलबाई ज्युनिअरला घेऊन काकांच्या इस्त्रीच्या टेबलापाशी आल्या. या भेटीवरून उद्या वाद झाला आणि त्यांनाच साक्ष द्यावी लागली, तर केस चालवता येणार नाही, म्हणून सोबत दुसरं माणूस. "त्या दिवशी काय पाहिलंत?" एवढंच विचारलं. शर्टाची कॉलर दाबत काका बोलत राहिले. गज समोरच्यानेच आणला, झटापटीत त्यालाच लागला. पण पहिला धक्का आमच्या भावाचा. माझ्या पोटात गोळा आला.

नंतर मी म्हटलं, धक्क्याचं नाही सांगितलं तर? बाई म्हणाल्या, "तसं त्यांना शिकवलंत तर मी वकीलपत्र सोडते." "दिवस बुडेल हो ताई," असं काका म्हणाले तेव्हा मी पाचशेची नोट काढली होती, तीही आत ठेवायला लावली. पैसे द्यायचे ते कोर्टामार्फत. बचावाचा साक्षीदार बोलवायच्या अर्जावर (तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २४३; जुलै २०२४ पासून तिच्या जागी नवा कायदा आहे) कोर्ट साक्षीदाराचा वाजवी खर्च आधी जमा करायला सांगू शकतं, तसा आम्ही भरला. पावतीची झेरॉक्स ठेवा.

मग समन्स अडकलं. पहिल्यांदा शेरा 'पत्ता अपुरा'. दुसऱ्यांदा 'मिळून आला नाही'. तिसऱ्यांदा 'गावी गेल्याचे समजते', आणि त्याच आठवड्यात काकांनी माझ्या दोन साड्या इस्त्री करून दिल्या होत्या! दर तारखेला अर्धी रजा, शिवाजीनगर कोर्टाचा बाक, पुकारा, "समन्स बजावणी नाही", पुढची तारीख. पोलीस ठाण्यात गेले तर "बंदोबस्त होता". मी काकांना म्हटलं, स्कूटरवर नेते, चला. ते मान हलवत म्हणाले, "फिर्यादीचे कपडेही माझ्याकडेच येतात. कागद आला तर येईन, नाहीतर म्हणतील तुमच्या बाजूने गेलो." बाईंनी बजावलं, त्यांच्या मागे लागू नका. शेवटी त्यांनीच त्याच संहितेच्या कलम ६९ खाली अर्ज केला. साक्षीदाराचं समन्स पोस्टानेही जातं, आणि तेही धंद्याच्या जागी! पोस्टमनने पहिल्याच फेरीत काकांची सही घेतली. हा अर्ज पहिला शेरा आला त्याच दिवशी करा, आमचे पाच महिने गेले.

एक राहिलंच. फिर्यादीच्या साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही, ही जामिनाची अट होती. त्यातले एक आमच्याच जिन्यात राहतात. समोर आले की भाऊ वर परत जायचा.

साक्षीच्या दिवशी काकांनी धक्क्याचंही सांगितलं. उलटतपासात सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीच्या वकिलांना भेटलात?" मी श्वास रोखला.

"हो, भेटलो. काय पाहिलं ते विचारलं."

"आणि काय सांगायचं, ते?"

"ते नाही सांगितलं कोणी."