शाईचे माप

अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, त्यांना लिहायला दररोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ त्यांच्या नावावर आहे, आणि कागदाने भागेना म्हणून की काय, त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावरही ग्रंथ लिहिला. ती पासोडी अंबाजोगाईत जपून ठेवलेली आहे. रोजच्या शाईचा हिशेब कोणी ठेवला होता, असे विचारून आख्यायिकेची मजा घालवू नये. मला तिच्यातली एकच गोष्ट भावते. आज काय सुचले, किती चांगले सुचले, याची ती दखलच घेत नाही. दौत रिकामी झाली की नाही, एवढेच पाहते.

मी राहतो त्या लातुरात हे कोणाला समजावून सांगायची गरज पडू नये. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने जे काही राज्यभर गाजले, त्याच्या मुळाशी सराव आहे: तोच धडा पुन्हा, त्याच प्रकारची गणिते पुन्हा, दर आठवड्याला चाचणी आणि चाचणीनंतर पुन्हा तोच धडा. या पॅटर्नविषयी माझ्या मनात बऱ्याच तक्रारी आहेत, पण त्या इथे नकोत. गंमत एवढीच की, पहाटे उठून भौतिकशास्त्राची उदाहरणे सोडवणारा मुलगा ‘मूड लागला की सोडवीन’ असे कधी म्हणत नाही, आणि तोच मुलगा चोरून कविता करत असेल तर मात्र ‘सुचलं की लिहितो’ असे अभिमानाने सांगतो. कवितेचा मान राखायचा म्हणून तिला रोजच्या कामातून सूट दिलेली असते. मला ही सूट घातक वाटते, कारण ती बहुधा कायमची ठरते.

रोजच्या लिहिण्याचे माझे माप दोनशेपानी वहीचे एक पान हे आहे. वेळेचे माप मी मुद्दामच ठेवलेले नाही. अर्धा तास लिहायचे ठरवले की त्यातली वीस मिनिटे पेन कुरतडण्यात जातात आणि वर कर्तव्य केल्याचे समाधानही मिळते. पान भरलेले असते किंवा नसते, तिथे लबाडीला वाव नाही. (अक्षर मोठे काढता येते, हे खरे; पण त्याची आपल्यालाच लाज वाटते.) उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत तळहाताच्या घामाने पान ओलसर होते आणि नेमके तेवढ्या जागी बॉलपेन उठत नाही, चार वेळा गिरवले तरी कागदावर नुसता चरा पडतो. म्हणून हाताखाली जुन्या चाचणीची प्रश्नपत्रिका घडी करून ठेवावी लागते. लातुरात जुन्या प्रश्नपत्रिकांना तोटा नाही. माझा खोलीतला सोबती परभणीकडचा. तो वैद्यकीय प्रवेशाची तयारी करतो. सुरुवातीला तो माझ्या वहीत डोकावून विचारायचा, “काय लिव्हायलास रे? कशात येतंय हे?” कोणत्या परीक्षेत येते, असा त्याचा अर्थ. कशातच येत नाही म्हटल्यावर त्याने ज्या काळजीने माझ्याकडे पाहिले, ती काळजी त्या दिवसाच्या पानावर सविस्तर आली.

रोजच्या पानाचा खरा फायदा मात्र हात वळणे किंवा भाषा सफाईदार होणे हा नाही. सफाई तर आपल्याकडे शाळेतूनच आलेली असते, आणि तीच पहिली अडचण आहे. निबंधाच्या वहीतून आपण नदी शिकतो ती ‘झुळझुळ वाहणारी’, शेत ‘हिरवेगार’ आणि आजोबा ‘अनुभवाच्या सुरकुत्या’ असलेले. मांजरा नदीच्या खोऱ्यात वाढलेली मुले ही झुळझुळ लिहितात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आले, तेव्हाही कुठल्या तरी वर्गात कोणीतरी ‘पाणी हेच जीवन’ या विषयावर हीच झुळझुळ लिहून चांगले गुण मिळवत असणार, याविषयी मला शंका नाही. ही भाषा खोटी असते असे नाही. ती उसनी असते, आणि सुचेल तेव्हाच लिहिणाऱ्याला ती आयुष्यभर पुरते, कारण महिन्यातून एकदा वापरलेले वाक्य प्रत्येक वेळी नवेच वाटते. रोज पान भरायचे झाले की ही पुंजी आश्चर्यकारक वेगाने संपते. लागोपाठ दोन दिवस संध्याकाळ ‘रम्य’ लिहिली की तिसऱ्या दिवशी पेन अडते. आता लिहायला काहीच नाही, असे वाटू लागते. पुष्कळ जण इथेच वही मिटतात, आपल्यात प्रतिभा नाही अशी समजूत करून घेतात. वास्तविक संपलेली असतात ती दुसऱ्यांची वाक्ये. मग खोलीत बसल्या बसल्या निमूटपणे समोर पाहावे लागते: मेसच्या डब्याच्या झाकणाला आतून धरलेला घाम, त्यामुळे भिजून मऊ पडलेली वरची भाकरी, आणि ती खालच्या भाकरीखाली सरकवून ‘आधी कोरडी खाऊ’ म्हणणारा सोबती. यात रम्य काही नसते. पण ते त्या दिवशीच्या डब्यातले असते.

पान चुकते, अधूनमधून चुकणारच. गावी जाणे होते, ताप येतो, घरात लग्न निघते. चुकलेल्या पानांची थकबाकी मात्र वाढवत नेऊ नये. काल राहिले म्हणून आज दोन पाने लिहायला बसणारा मनुष्य परवा तीन पानांच्या धाकाने बसतच नाही. आणि सवड नाही ही सबब सांगणाऱ्याने परभणीच्याच बी. रघुनाथांकडे एकदा पाहावे. १९१३ ते १९५३ एवढेच त्यांचे आयुष्य, पोटासाठी बांधकाम खात्यातली कारकुनी, निजामाच्या राज्यात सरकारी कामकाजाची भाषा उर्दू. तरीही मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या असा त्यांचा संसार उभा राहिला.

लिहिलेले लगेच कोणाला दाखवावे का, यावर माझे मत ठाम आहे: दाखवू नये. ज्या पानाला वाचक असतो, ते पान वाचकासाठी नटू लागते आणि हाकलून दिलेली झुळझुळ मागच्या दाराने परत येते. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी वेगळे लिहावे. वही ही सरावाची जागा आहे, तिथे शुद्धलेखन चुकले तरी चालते, आणि आजीचे बोलणे आजी बोलते तसेच उतरवता येते, तेही कोणाची परवानगी न घेता.

हल्ली मी स्वतःला एक काम नेमून दिले आहे. गंजगोलाई या लातूरच्या बाजारपेठेत १६ रस्ते येऊन मिळतात, आणि मधोमध देवीचे मंदिर आहे. रोज एक रस्ता घ्यायचा, तिथे थोडा वेळ उभे राहून टिपणे काढायची आणि रात्री त्याचे पान करायचे. सराफ्याचे पान लिहिताना चकाकी, लखलखाट वगैरे सारा ऐवज खर्ची पडला. चपलांच्या दुकानांपर्यंत विशेषणे संपली. मिरचीच्या दुकानांसमोर उभा राहिलो तेव्हा तर शिंकांमुळे धड टिपणही घेता येईना. रुमाल नाकाला, वही गुडघ्यावर, अशी अवस्था. दुकानदार बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. शेवटी गल्ल्यावरून उठून जवळ आला आणि म्हणाला, “काय लिहून घेलालाव? अतिक्रमणवाले हाव का तुम्ही?” मी नाही म्हणेपर्यंत त्याच्या पोऱ्याने रस्त्यावर मांडलेली तीन पोती आत ओढली होती. चौथे पोते मात्र शेजारच्या दुकानाचे होते. त्यावरून दोघा दुकानदारांत जे बोलणे झाले, त्याने त्या रात्री माझे पान भरून उरले.