उघडिपीचा काउंटर शून्यावर कधी आणायचा?

गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची वही अखेर आरमध्ये, म्हणजे आकडेवारीसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, आली. २०२१ ते २०२४, जून ते सप्टेंबर, वर्षाला १२२ याप्रमाणे ४८८ ओळी. नोंद सकाळी साडेआठची, हवामान खात्यासारखीच. व्याख्याही त्यांचीच: २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर पावसाचा दिवस, नाहीतर कोरडा. मला हवं होतं एवढंच, की प्रत्येक ओळीसमोर उघडिपीचा कितवा दिवस ते यावं आणि पाऊस आला की आकडा शून्यावर जावा.

फॉर लूपने, म्हणजे एकेक ओळ क्रमाने तपासत, पाच मिनिटांत झालं असतं. पण लूप न लिहिता करायची खाज होती, मग शनिवारची रात्र गेली.

युक्ती जुनीच. ‘पाऊस पडला का’ या हो-नाहीच्या रकान्यावर क्युमसम, म्हणजे ओळीगणिक वाढत जाणारी बेरीज, चालवायचा. प्रत्येक पावसाला बेरीज एकाने वाढते आणि पुढच्या पावसापर्यंत तिथेच थांबते, म्हणजे आयते गट मिळतात. मग ‘एव्ह’ला (गटागटाने हिशेब करणारं आरचं फंक्शन) गट देऊन सीक-अलाँगने (१, २, ३ असे क्रमांक देणारं फंक्शन) गटातल्या ओळी मोजायच्या आणि पावसाची ओळ वगळायला एक वजा करायचा.

सगळ्यात मोठी उघडीप किती? आर म्हणालं, ९. डोळ्यांना तर एके ठिकाणी १२ दिसत होते! दोष माझाच. एव्हला पहिला रकाना तारखेचा दिला होता आणि तारखा अजून मजकूर स्वरूपात होत्या. एव्ह उत्तर त्याच रकान्याच्या साच्यात भरतं, त्यामुळे आकडेही मजकूर झाले, आणि मजकुरात तुलना पहिल्या अक्षरापासून होते, म्हणून ‘९’ हा ‘१२’पेक्षा मोठा.

ते निस्तरल्यावर दुसरी खोड दिसली. जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाआधीच्या गटात पावसाची ओळच नसते. तिथे एक वजा केला की पहिला कोरडा दिवस शून्य होतो. मग वजाबाकी सोडली आणि सीक-अलाँगही सोडलं. ‘कोरडा का’ हा रकाना गटागटात क्युमसमने बेरजेला लावला. पावसाच्या ओळीला आपोआप शून्य, पुढे १, २, ३. नमुन्याला ०, १.२, १४, ०, ०, ६, ० या सात नोंदी दिल्या. १, २, ०, १, २, ०, १ आलं. अगदी हवं तसं.

आता कमाल आली २३. आनंद दहा मिनिटं टिकला. त्या २३ पैकी ११ दिवस एका सप्टेंबरच्या शेवटचे आणि १२ पुढच्या जूनचे निघाले! मधले आठ महिने वहीत नाहीत हे काउंटरला कुठून कळणार? एव्हला गटाबरोबर वर्षही दिलं.

खरी डोकेदुखी एनएची, म्हणजे नोंदच नसलेल्या रकान्यांची. गावी गेलो की नोंद राहते, आणि क्युमसमला एक एनए लागला की त्याखालचं सगळं एनए. शून्य भरावं तर खोटं, कारण परत आल्यावर मापकात दोन दिवसांचं पाणी एकत्र साठलेलं असतं. म्हणून गट पाडताना ‘पाऊस किंवा एनए’ अशी अट घातली. आरमध्ये एनए आणि ‘खरं’ यांना ‘किंवा’ने जोडलं की उत्तर ‘खरं’ येतं, त्यामुळे तिथे नवा गट सुरू होतो. पण त्या गटातली बेरीज एनएनेच सुरू होते आणि पुढच्या पावसापर्यंत एनएच राहते. आधी ही चूकच वाटली, दुरुस्त करायलाही बसलो होतो. मग लक्षात आलं, हेच बरोबर आहे. त्या दिवशी पडला की नाही हे माहीत नसेल, तर उघडीप कितव्या दिवसावर आहे तेही माहीत नाही. पाऊस आला की हिशेब पुन्हा सुरू.

आता कमाल २१, ऑगस्ट २०२३. यावर विश्वास बसला, कारण १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तोच. बाबांना दाखवलं, तर म्हणाले, “मघा कोरड्या गेल्या होत्या, त्याला कॉम्प्युटर कशाला?”

पुढच्या रविवारी हेच डीप्लायर या आरच्या पॅकेजमधल्या कन्सेक्युटिव्ह-आयडीने (सलग सारख्या ओळींना एकच गट-क्रमांक देणारं फंक्शन) करून बघणार. त्यात एनएचं काय होतं ते आधी तपासायचंय.